पडद्यामागचा चार नंबर

एकोणीस वर्षं मी दुसऱ्या खुर्चीत काढली. ऑर्केस्ट्रात दुसऱ्या क्लॅरिनेटने करायचं काय, तर पहिल्याला आधार द्यायचा आणि लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या की त्याच्याकडे बघून हसायचं. हसले बापडी. मधूनमधून पहिल्या खुर्चीतल्या साहेबांची कंबर धरायची, तेव्हा त्यांचे सोलो माझ्या वाट्याला यायचे. कंबर सुटली की मी परत मूळ जागी. म्हणून साहेब निवृत्त झाले तेव्हा मी घरात जाहीरच करून टाकलं, ही खुर्ची आता माझी. पन्नाशी उलटली होती. पुन्हा अशी संधी काही येणार नव्हती.

"आधी अर्ज तरी कर," नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याला सगळं क्रमाने लागतं.

या खुर्चीची परीक्षा पडद्याआड होते. वाजवणारा पडद्यामागे, परीक्षक पुढे. नाव नाही, नुसता नंबर. बोलायचं नाही, खोकायचं नाही. चालण्यावरूनही कुणी ओळखू नये म्हणून खाली गालिचा अंथरतात. आणि एवढा सगळा बंदोबस्त करून परीक्षक कोण बसवतात? आमच्याच ऑर्केस्ट्रातले नऊ जण!

आठवडाभर आधी ओबो वाजवणाऱ्या दादाने मला जिन्यात गाठलं. तो सगळ्यांचाच दादा आहे. "काळजी करू नकोस," तो डोळा मारून म्हणाला. "तुझा श्वास आम्ही झोपेतसुद्धा ओळखू."

खोटं नव्हतं ते. परीक्षेला जो संथ सोलो होता, त्यात पहिली ओळ संपली की सगळे श्वास घेतात. मी घेत नाही. तशीच पुढे रेटते, आणि सगळ्यात वरच्या सुराच्या तोंडाशी आल्यावर, आता ही बाई गुदमरणार असं ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की मग घेते. मला हे कुणी शिकवलं नाही. माझी खोडच आहे ती.

पण दादाचं बोलणं मला झोंबलं. एकोणीस वर्षं घासून शेवटी मी वशिल्याने पहिली होणार? त्यात मागून उतरणारी फ्लूटवाली पुटपुटलीच, "घरचाच मामला आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा. तुम्हाला ओळखूच येणार नाही असं वाजवते आणि तरी खुर्ची घेते. सात दिवस मी तो श्वास मोडत बसले. नवरा दाराशी येऊन म्हणाला, "अगं, चांगला दात कशाला उपटतेस?" मी त्याला हाकलून दिलं.

अर्ज टिटवीनेही भरला होता. टिटवी म्हणजे माझी शिष्या. अकराव्या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या क्लॅरिनेटमधून असे काही चीत्कार निघायचे, की ते नाव पडलं ते पडलंच. आता बावीस वर्षांची आहे. मीच तिला म्हटलं होतं, "भर गं, अनुभव म्हणून भर." काय तो माझा मोठेपणा!

मला चार नंबर मिळाला. एकही सूर हलू दिला नाही. श्वास सगळं जग घेतं तिथे घेतला. बाहेर येऊन बाकावर बसले, तोंडाशी लावायची वेताची रीड पुसून डबीत ठेवली आणि मनात म्हटलं, घ्या!

मग सात नंबर आत गेला. दार बंद होतं, पण बंद दाराने क्लॅरिनेट थोडंच अडतं? पहिली ओळ संपली आणि श्वास आलाच नाही. सूर पुढे गेला, आणखी पुढे गेला, वरच्या सुराच्या तोंडाशी गेला, आणि तिथे घेतला. माझ्यापेक्षाही केसभर उशिरा. टिटवी! दुसरं कोण असणार? अकरा वर्षं मीच तिच्या पाठीमागे लागले होते, इथे नाही, पुढे. मरत नाहीस, पुढे!

तासाभराने दादा बाजूच्या दाराने हळूच बाहेर आला आणि त्याने माझा हात दाबला. "झालं! नऊपैकी आठ मतं, सात नंबरला! काय वाजवलंस गं, साहेबांच्या वरताण!"

"दादा, मी चार नंबर होते."

त्याचा चेहरा खाडकन उतरला.

"चारने कसं वाजवलं?" मी विचारलं. तो छताकडे बघायला लागला. मी दंड धरून त्याला हलवलं. "सांग की!"

"चूक काही नव्हती गं," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, बाहेरचं कुणीतरी असेल. खरं सांगू? आठवतच नाही."

आठवतच नाही! चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

"हे बघ, नाव अजून जाहीर व्हायचंय," तो घाईघाईने म्हणाला. "मी आत जाऊन सांगतो, आम्ही माणूस ओळखून मतं दिली, नियम मोडला. परीक्षा रद्द होईल. पुन्हा वाजव, आणि या वेळी तुझ्यासारखं वाजव."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी उठलेसुद्धा. कॉरिडॉरच्या टोकाला टिटवी पेटी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली होती, डोळे गच्च मिटून. तिची दया आली म्हणून मी थांबले असं कुणी समजू नये. दया मला माझीच येत होती. पण दाराआडून ऐकलेलं माझे कान विसरेनात. पुन्हा परीक्षा झाली असती तर मी माझ्यासारखं वाजवलं असतं आणि तीही तिच्यासारखं. तो केसभर उशीर मला कधीच जमला नव्हता.

"एक शब्द बोललास तर तुझ्या ओबोची रीड चावून टाकीन," मी दादाला म्हणाले आणि खाली बसले.

घरी जाऊन रडले. भांडी आपटत रडले. नवरा चहा घेऊन आला, तर त्याच्यावरही ओरडले.

सोमवारी पहिली तालीम. टिटवी पहिल्या खुर्चीत, मी शेजारी. सोलो आला. कंडक्टरने हात उचलला, सगळे थांबले, आणि पोरीने नेहमीच्या सवयीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाई, करू का सुरू? चाळीस माणसं बघत होती.

"समोर बघ," मी दातओठ खात म्हणाले. "आता मला विचारायचं नाही."