स्टॉलवर्थसाठी उठायचं की बसायचं

आमच्या चर्चमध्ये तोंडाने कुणी कुणाला उठा-बसा म्हणत नाही. पांढरे हातमोजे घातलेले सेवक तळवे वर उचलतात, लोक उठतात; तळवे खाली आणतात, लोक बसतात. माझे वडील तीस वर्षं इथले मुख्य सेवक. त्यांचे हात वर गेले की नव्वदीची सिस्टर मोझेलसुद्धा काठी चाचपत उठते. मी बाविशीची, मीही सेवकच, मधल्या दारावर उभी असते.

त्या रविवारी लायनेल स्टॉलवर्थ येणार होता. याच चर्चमध्ये वाढलेला, आमच्या जिल्ह्याचा पहिला काळा सरकारी वकील, आणि आता महापौरपदाला उभा. सकाळी डॅडींनी माझ्या हातात पुठ्ठ्याच्या पंख्यांचा गठ्ठा ठेवला. एका बाजूला स्टॉलवर्थचं हसरं थोबाड, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात.

"निदान मागची बाजू तरी खरी छापलीय," मी म्हणाले.

"केटुरा, आज तोंड आवर."

"आणि तुम्ही हात आवरा, डॅडी. त्याच्यासाठी लोकांना उठवू नका. एवढं एकच मागतेय."

ते हातमोजे चढवत राहिले.

माझा धाकटा भाऊ डेमारियस, आमचा डी, तुरुंगात आहे. दोन वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, मित्राच्या गाडीत बसला होता. पोलिसांना सीटखाली पिस्तूल सापडलं. त्याचं नव्हतं. आम्ही खटला लढायचं ठरवलं होतं. तेवढ्यात स्टॉलवर्थने चर्चच्या अंगणात डॅडींना गाठलं, खांद्यावर हात ठेवला. "ब्रदर एझेल, पोराला गुन्हा कबूल करायला सांगा. वर्षभरात घरी येईल. मी आहे ना." डॅडींनी सांगितलं, डीने सही केली. सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वसंतात तळ्याकाठच्या बंगल्यातल्या एका गोऱ्या पोराच्या गाडीत दोन पिस्तुलं मिळाली. त्याला शाळेची भिंत रंगवायला लावून सोडलं. सरकारी वकील तोच. मी आणि मम्मी दर महिन्याला डीला भेटायला जातो. दोन वर्षांत डॅडी एकदाही आले नाहीत. रविवारी चर्चची कामं असतात म्हणे.

"मतदारयादीत नाव घालायला गेले म्हणून माझ्या वडिलांना गिरणीतून हाकललं," डॅडी म्हणाले. "आपला माणूस त्या खुर्चीत बसतोय हे बघायला ते राहिले नाहीत. तुम्हा पोरांना सगळं आयतं मिळालंय."

"हो ना. डीला सहा वर्षं आयतीच मिळाली."

"मग काय, त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या गोऱ्या बाईला मत देणार?"

"कुणालाच नाही."

"वा! म्हणजे माझ्या बापाची नोकरी फुकट गेली."

"आजोबांची नोकरी गेली ती मत देता यावं म्हणून. ते स्टॉलवर्थच्या खिशात घालावं म्हणून नाही!"

त्यांनी पाठ फिरवली. पुढे वेदीपाशी जाऊन उभे राहिले, मी माझ्या दारावर.

पाद्रींनी मतं मागितली नाहीत. चर्चमधून प्रचार केला तर कायदा आड येतो, तेवढे ते हुशार आहेत. "आज आपल्यात घरचाच एक पाहुणा आलाय," एवढंच म्हणाले. स्टॉलवर्थ उठला. "या चर्चने मला माणूस केलं," तो म्हणाला, "आणि तुमच्या लेकरांना मी माझ्या लेकरांसारखं जपलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॅडींनी माझ्याकडे बघितलं. अगदी माझ्याकडेच. आणि दोन्ही हात वर केले.

सगळं चर्च उठलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी दार सोडून मधल्या वाटेवर पुढे गेले. हात उंच केले, तळवे जमिनीकडे वळवले आणि सावकाश खाली आणले.

सिस्टर मोझेल बसली. मग तिच्या मागची रांग, मग त्यामागची. आयुष्यभराची सवय, आपण काय करतोय हे कळायच्या आत अर्धं चर्च खाली बसलं होतं. वर सज्जात डीच्या वर्गातली पोरं होती. ती मात्र समजून-उमजून बसली, हाताची घडी घालून. स्टॉलवर्थचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पुठ्ठ्यावरच्यासारखं.

डॅडींनी पुन्हा हात वर केले. मी पुन्हा खाली आणले. लोक अर्धवट उठलेले, अर्धवट बसलेले.

"अरे, उठायचं की बसायचं ते एकदा ठरवा!" सिस्टर मोझेल ओरडली. तिला ऐकू कमी येतं. "गुडघे माझे दुखतात!"

सज्जात हशा पिकला. डॅडी वाटेवरून चालत माझ्याकडे आले. आमच्यात नियम आहे, दुसरा सेवक जागेवर आल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. ते माझ्या जागी उभे राहिले, सेवकाच्या रीतीप्रमाणे डावा हात पाठीमागे घेतला.

"जा," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गाडीत जाऊन बसले. प्रार्थना संपली, लोक पांगले, मम्मी मावशीबरोबर तिच्या घरी गेली. डॅडी शेवटी आले. हातमोजे तसेच चढवलेले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी भांडायला तयारच होते.

"चारचौघांत माझी शोभा केलीस."

"त्याने आपल्या घराची काय केली, डॅडी? तो लबाड आहे, लबाड! हे एकदा तरी तोंडाने म्हणा."

"म्हणतो." त्यांचा आवाज फाटला. "म्हणतो मी. आहे तो लबाड. मग त्या लबाडाचं ऐकून माझ्या पोराला सही कर म्हणून कुणी सांगितलं? बोल ना. कुणी सांगितलं?"

तेव्हा कुठे मला कळलं, हा माणूस दोन वर्षं स्टॉलवर्थला का डोक्यावर घेऊन नाचत होता. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला. खोटं बोलून त्यांना सोडवता आलं असतं. पण डीला कुणी सोडवलं होतं?

"तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एकेक बोट सोडवत हातमोजे काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"भेटीची वेळ किती वाजेपर्यंत असते?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारत होते.

"चारपर्यंत," मी म्हणाले, आणि माझा आवाज अजूनही चढलेलाच होता. "चला लवकर. आणि तिथे त्याच्याशी तुम्हीच बोलायचं. मी एक शब्द बोलणार नाही."