डावं शिंग

धाकटीला प्रयोगशाळेत मीच चिकटवली, आणि सहा महिन्यांत सख्खी बहीण माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. कुणाला सांगायची तरी सोय आहे का!

मी अकरा वर्षं समुद्राच्या पाण्यातले प्लवक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव, मोजतेय. किनाऱ्याजवळच्या कोमट पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा, नुसती झुंबड असते. साखळ्या, चकत्या, होड्या, काचेच्या डब्या, आणि तीन शिंगांचे ते शिंगाळे. साठ-सत्तर जाती सहज निघतात. बाटलीत आयोडिन घालून ती हलवली की शिंगाळ्यांची शिंगं तुटतात. म्हणून दोनच शिंगं दिसली की वहीत 'मोडका' लिहायचं, कुठलं शिंग नाही ते टिपायचं आणि पुढे सरकायचं. हेही धाकटीला मीच शिकवलं.

पण बाईसाहेबांना पुढे सरकवेल तर ना! उन्हाळा नुकता लागलाय, आणि परवा ही सरळ सरांपुढे उभी. "सर, ह्याला डावं शिंग मुळातच नाही. तुटलं असतं तर कड खडबडीत असती, ही बघा किती गुळगुळीत आहे. नवी जात असेल." सर खुर्ची सोडून आले आणि तिच्या टेबलावर वाकून बघत राहिले. माझ्या टेबलाशी ते अकरा वर्षांत एकदा वाकले नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"एका बाटलीतल्या एका जिवावर कोण विश्वास ठेवणार?" सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत आणखी कुठे सापडला तर सांग. नाहीतर सोडून दे."

जुन्या वह्या माझ्या कपाटात असतात. धाकटी जेवायला गेली तशी मी त्या काढल्या, तिला तोंडघशी पाडायलाच. एरवीच्या महिन्यांत मोडक्यांची डावी-उजवी शिंगं सरमिसळ तुटलेली होती. उन्हाळ्यात मात्र पानोपानी एकच ओळ, 'मोडका, डावं शिंग नाही.' दरवर्षी, माझ्याच अक्षरात. अहो, तुटायचंच असतं तर कधी उजवंही तुटलं असतं की!

म्हणजे तो अकरा वर्षं माझ्याच भिंगाखाली होता. वह्या सरांना दिल्या असत्या तर नवी जात तिची ठरली असती आणि मूर्खपणा माझा. मी वह्या आत टाकल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. बाटल्या तपासून तपासून डोळे लाल झाले होते. "ताई, दुसरा एकही सापडला नाही गं. तू इतकी वर्षं बघतेस. खरं सांग, हा काय असेल?"

"अगं वेडे, मोडकाच तो. असले ढिगाने पाहिलेत मी."

ढिगाने पाहिलेत, एवढं तरी खरं होतं.

मग वही ओढून तिने त्या जिवापुढे 'मोडका' लिहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"बरं झालं तू होतीस, ताई," ती म्हणाली. "नाहीतर मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवून बसले असते."