कुंकू लागलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बीडच्या बसस्थानकासमोर सिद्धारामचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर हल्ली माझा मुक्काम असतो. धूळ खातोय, हे खरं. पण माझ्या पडद्याच्या वरच्या पट्टीवर लाल डाग दिसतो ना? तो गंज नाही, कुंकू आहे. तुमच्या चकचकीत मोबाइलला असा मान कधी मिळालाय का, ते आधी सांगा!

पुण्यात सुटे भाग जोडून मला उभं केलं, म्हणजे मी कुण्या एका घराण्याचा नव्हे. गोधडीत गुंडाळून सिद्धारामने मला एसटीने आणलं आणि नेट कॅफे थाटला. तेव्हा मोबाइल खिशात आले होते, पण इंटरनेटवर राज्य आमचंच होतं. दहावीचा निकाल पाहायचा, भरतीचा अर्ज भरायचा, की लोक माझ्यापुढे रांग लावत. मी फुगून जायचो.

अशातच एका उन्हाळ्यात नेकनूरकडचे उत्तरेश्वर आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई असे दोघं आले. त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर होता. हंगामात घराला कुलूप लावून दोघं लांबच्या कारखान्यावर ऊस ओढायला जात. वाहतुकीच्या बिलातून कर कापला जाई. यंदा जास्तीचा कापला गेला होता, तो परत मिळायचा होता. त्या पैशांत ट्रॉलीचे टायर घ्यायचं ठरलं होतं. टायर नाहीत तर पुढचा हंगाम नाही.

"सगळ्यांचा रिफंड आला, आपलाच कावून न्हाई?" उत्तरेश्वर म्हणाले.

सिद्धारामने पूर्वी त्यांच्या नावाने काढून दिलेलं ईमेल खातं उघडलं. आत एक इंग्रजी पत्र होतं. त्याने ते मराठीत वाचून दाखवलं: तुमचा रिफंड तुमच्यापर्यंत पोहोचला नाही. खाली कार्डाचा नंबर आणि पिन भरा, पैसे थेट खात्यात जमा होतील.

"खरं हाय की! आमी गेलतो कारखान्याला, घर बंदच व्हतं!" उत्तरेश्वरांनी खिशातून एटीएम कार्ड काढलं आणि भर दुकानात नंबर वाचायला सुरुवात केली. सिद्धारामही उत्साहाने माझ्या कळा बडवू लागला. मित्रांनो, मला त्या पत्राचा वास बरा वाटत नव्हता. पण मी काय करणार? जे टाइप कराल ते मी मुकाट्याने पुढे धाडतो. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सरस्वतीबाईंनी कार्डावर हात ठेवला. "थांबा. पैसे द्यायला आलेल्याला आपल्या पेटीची किल्ली कशाला पायजे?"

सिद्धारामचा हात थबकला. "काकू, बरोबर बोललात. आधी सरकारी साइटवरच बघू." त्याने भरलेले आकडे पुसले आणि पत्र बाजूला ठेवलं. आयकर खात्याचा पत्ता स्वतः टाइप केला, मग पॅन नंबर आणि वर्ष. मी जीव तोडून ते पान ओढून आणलं. त्यावर लिहिलं होतं: घर बंद असल्याने रिफंडचा चेक परत.

उत्तरेश्वर उसळलेच. "बघ! पत्रात खरंच होतं! भर रे सिद्धाराम पिन!"

"गल्लीतल्या चोराला बी कळतं, घराला कुलूप हाय ते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तेवढ्यावरनं तो आपला पाव्हणा होतो का? ह्या सरकारी पानानं मागितला का पिन?"

"न्हाई," सिद्धाराम म्हणाला.

उत्तरेश्वरांनी कार्ड गुपचूप खिशात घातलं. पत्र पुसलं गेलं. रिफंड पुन्हा काढून थेट खात्यात जमा करावा, असा अर्ज त्यांनी आयकर कार्यालयात दिला. मग बीडला आले की दोघं माझ्याकडे येत, सरकारी पान उघडून पाहत. पावसाळा सरता सरता पानावर दिसलं, पैसे जमा झाले. उत्तरेश्वरांनी आनंदाने माझ्या डोक्यावर अशी थाप मारली की पडदा थरथरला!

खंडेनवमीला गावोगाव ट्रॅक्टरची पूजा होते. त्यांच्याही ट्रॅक्टरची झाली, नव्या टायरांसकट. ती उरकून सरस्वतीबाई एसटीने बीडला आल्या आणि उरलेलं कुंकू माझ्या कपाळी लावलं.

"काकू, त्या दिवशी तर तुमीच वाचवलं," सिद्धाराम म्हणाला.

"व्हय," त्या हसून म्हणाल्या, "पण खरं पान त्यानंच दावलं न्हवं का?"

पुढे इंटरनेटही मोबाइलवर आलं आणि माझ्यासमोरची रांग संपली. आता भंगारवाला येणार म्हणतात. माझी हरकत नाही. फक्त देण्याआधी माझ्या पोटातली लोकांची माहिती तेवढी पुसा. आणि मित्रांनो, तुमच्या खिशातला तो चकचकीत मोबाइल माझाच भाऊबंद आहे. त्यालाही "नको" म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं, सरस्वतीबाईंसारखं, कार्डावर हात ठेवून.