आधी खरवडा, मग रंगवा

मी एक कठडा. अमेरिकेत, तोफखान्याच्या छावणीशेजारच्या लॉटन गावातल्या एका जुन्या लाकडी घराच्या पायऱ्यांना लागून उभा आहे. चढताना माझ्यावर हात ठेवा, म्हणजे सांगतो.

काही वस्तू हौसेतून जन्माला येतात, मी हरकतीतून जन्मलो. फ्लॉइड प्रुइट व्हिएतनामहून परतला आणि सैनिकांना मिळतं ते सरकारी हमीचं कर्ज काढून हे घर घ्यायला निघाला. त्या कर्जासाठी मूल्यमापक येतो. तो घराची किंमत तर ठरवतोच, पण घर राहायला धड आहे का, तेही बघतो. त्यानं पायऱ्या पाहून मान हलवली. कठडा नाही, तर कर्ज नाही. फ्लॉइडनं परसातल्या फळ्या कापल्या आणि संध्याकाळी मी उभा राहिलो, जरा तिरकाच.

तोफखान्यातल्या नोकरीनं फ्लॉइडचे कान अधू झाले होते. तो पायरीवर माझ्यावर हात टाकून बसे, आणि त्याची बायको व्हर्ना दारातून येऊन अंगठीनं माझ्यावर टकटक करी. हाताला कंप जाणवला की तो जेवायला उठे. फार सुखाचे दिवस होते ते. फ्लॉइड गेला आणि माझ्याकडे बघणारं कोणी उरलं नाही. छावणीत तोफा धडाडल्या की माझे पापुद्रे गळत.

पुढे व्हर्नाचे गुडघे थकले. तिनं भाच्याकडे राहायला जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. बघायला आला कॉर्डेल हायटावर, तोफखान्यातूनच निवृत्त झालेला सार्जंट. सोबत बायको रेनिटा आणि तिच्या हातात बादली. बादलीत अंजिराचं रोप, तिच्या आईच्या अंगणातल्या झाडाच्या फांदीचं.

"दर बदलीला आधी ही बादली गाडीत बसते," कॉर्डेल म्हणाला, "जागा उरली तर मी."

"त्याला जमीन द्यायचीय, काकू," रेनिटा म्हणाली. "भाड्याच्या अंगणात झाड लावायचं आणि दुसऱ्यानं फळं खायची, पुरे झालं."

व्हर्नाला दोघं आवडली. सौदा ठरला. बादली माझ्या पायाशी ठेवूनच रेनिटा गेली.

मग लिंडक्विस्ट नावाचा मूल्यमापक आला. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यानं नखानं माझा एक पापुद्रा काढला. "घर जुनं, रंग जुना. जुन्या रंगात शिसं असतं, विषारी. हे नीट झाल्याशिवाय कर्ज मंजूर व्हायचं नाही."

"एवढंच ना?" कॉर्डेल म्हणाला.

पलटणीत एक म्हण आहे: हलत असेल तर सलाम ठोक, हलत नसेल तर रंग फास. मी काही हलत नव्हतो. कॉर्डेलनं शीळ घालत मला पांढराशुभ्र करून टाकला.

"अरे, आधी खरवडायला नको?" रेनिटानं विचारलं.

"अख्ख्या तोफा रंगवल्यात मी. वरून एक हात मारला की साहेब खूश."

मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? म्हातारपणी नवे कपडे कोणाला नको असतात? पण लिंडक्विस्ट परत आला, अंगठा दाबून घासला, आणि नव्या रंगासकट जुना पापुद्रा त्याच्या हातात आला. माझं पितळ उघडं पडलं.

"सार्जंट, तुम्ही रंगाला रंग लावलात," तो म्हणाला. "लाकडाला नाही."

सौद्याची मुदत संपत आली होती. व्हर्नाचा भाचा डेल तर टपूनच बसला होता. "मावशी, तुला आधीच सांगत होतो, या सरकारी कर्जवाल्यांच्या नादी लागू नकोस. माझा माणूस रोख देतोय. रंग बघणार नाही, कठडा बघणार नाही."

व्हर्ना दमली होती. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेनिटा बादली न्यायला आली. कॉर्डेलच्या हातात मात्र खरवडणी होती.

"घर मिळो न मिळो, काकू, मी माखून ठेवलेलं तसंच टाकून जाणार नाही."

खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला मास्क बांधून, मला ओलं करून तो खरवडायला लागला. डेल खुर्चीत बसून बघत होता. "लोकाच्या घरासाठी घाम गाळतोस? पलटणीत अक्कल जमा करून घेतात वाटतं."

"घेतात," कॉर्डेल म्हणाला. "तुझी कुठं जमा केलीस?"

पांढरा गेला, पिवळा गेला. लाकडाला चिकटलेला मळकट हिरवा रंग निघाला आणि कॉर्डेलचा हात थांबला. "काकू, हा तर आमचा पलटणीचा रंग. हा दुकानात मिळत नाही."

व्हर्ना गोड चहा घेऊन बाहेर येत होती. तिनं तो हिरवा पाहिला आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "फ्लॉइडनं छावणीतून उरलेला डबा आणला होता. सगळं घर हिरवं करणार होता, मी अडवला."

मग ती भाच्याकडे वळली. "डेल, फ्लॉइडनं हा कठडा ठोकला तेव्हा घर आमचं नव्हतं. जुनी मालकीण तू बसलायस तिथंच बसली होती. तिच्याकडेही रोख देणारा होता."

"मग?"

"मग काय? फ्लॉइडचे खिळे वाकायला लागले, तशी ती उठली आणि आपला हातोडा आणून दिला तिनं. मीही थांबणार. सांग तुझ्या माणसाला."

कॉर्डेलनं मला पार लाकडापर्यंत खरवडून नव्यानं रंग दिला, आणि लिंडक्विस्ट तिसऱ्यांदा आला. अंगठा घासून पाहिला, हाताला काही लागलं नाही. उतरताना त्यानं माझाच आधार घेतला.

आता अंजीर माझ्या शेजारी जमिनीत आहे आणि बादलीत रेनिटा कपड्यांचे चिमटे ठेवते. कॉर्डेलचाही एक कान तोफांनी नेलाय. जेवण तयार झालं की रेनिटा अंगठीनं माझ्यावर टकटक करते. तिला हे कोणी शिकवलं नाही. मी बरा आहे, अगदी मजेत आहे.

माझं मागणं थोडंच आहे. मला पुन्हा रंगवाल तेव्हा आधी खरवडा. आणि घर घ्यायला आलेलं कोणी तुमच्या पायरीवर अडलं, तर जरा थांबा. जवळ हातोडा असेल तर द्या.