कमानीखालची घंटा

ट्रकने तिसऱ्यांदा हॉर्न दिला, तरी बाबा बाजूला सरेनात. ओंडक्यांनी भरलेला तो ट्रक इतका जवळ आला होता की इंजिनाची ऊब माझ्या पाठीला लागत होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि बाबांची मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध, जणू तो त्यांच्याच नावावर. मी त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटलं. मागे बसणाऱ्याची ही आमच्या घरातली जुनी खूण : कडेला घ्या. त्यांनी लगेच घेतली.

शेजारून जाताना ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काय आजोबा, कान घरी खुंटीला टांगून आलात का?"

बाबांनी हसून हात हलवला. मग मान वळवून मला विचारलं, "काय म्हणाला गं?"

"प्रवास सुखाचा होवो म्हणाला."

"चांगला माणूस."

दर वर्षी ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी बाबा दोन दिवस जुने दगडी पूल बघायला निघतात. जिथून आता कुणी जात नाही असे. एकतीस वर्षं त्यांनी नव्या पुलांवरून बस चालवली. गेली आठ वर्षं याच डोंगरातल्या गावांची शाळेची बस. आणि सुट्टी मिळाली की हे जुने पूल, आजारी नातेवाइकांना भेटावं तसे. मागच्या सीटवर नेहमी आई. यंदा तिने हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि माझं सहा महिन्यांचं बाळ स्वतःच्या कडेवर घेतलं.

"तुझ्या बापाच्या मागे मी आता बसायची नाही. तू एकदा बसून ये. मग तूच सांग."

"काय सांगू?"

"कळेल तुला."

कळलं होतं. पहिल्या तासातच.

कीपी गावाच्या तीन कमानींच्या पुलाखाली आम्ही आईने दिलेली, पालक भरून भाजलेली पीता खाल्ली. चिनारांची पानं पिवळी होऊन पाण्यावरून वाहत होती. बाबा नदीत हात धुवायला वाकले होते.

"सोमवारी थानासिसकडे जायचंय," ते म्हणाले. "लायसन्सच्या तपासणीचा कागद."

डॉक्टर थानासिस म्हणजे बाबांचे जुने मित्र आणि माझ्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता. त्यांच्याकडची बाबांची तपासणी मला पाठ होती : एक कॉफी, गुडघ्यांची दोन गाऱ्हाणी आणि शिक्का.

"बाबा, या वेळी कानही तपासून घ्या," मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हटलं.

ते हात धूतच राहिले.

मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, बसमध्ये अकरा पोरं असतात."

ते उठले, माझ्याकडे वळले. "चल, वारा सुटायच्या आत कोनित्साचा पूल गाठू."

ऐकलंच नव्हतं, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं? पुढच्या सगळ्या वळणांवर मी हाच विचार करत होते. बाळ झाल्यापासून माझे कान असे झालेत की शेजारच्या खोलीत त्याने कूस बदलली तरी मी जागी होते. आता त्या कानांनी मी आम्हा दोघांसाठी ऐकत होते. समोरून गाडी येतेय का, मागून येतेय का. त्यांचा खांदा थापटून थापटून माझा हात दुखायला लागला.

कोनित्साचा पूल घळीच्या अगदी तोंडाशी आहे. एकच उंच कमान, माणूसभर रुंदीची वाट, आणि कठडा गुडघ्याइतका. कमानीच्या पोटाला एक लहानशी घंटा टांगलेली. वारा धोक्याचा झाला की ती वाजते, आणि ती वाजली की पुलावर पाय ठेवायचा नाही. मी पाच वर्षांची असताना बाबांनी मला इथेच उभं करून सांगितलं होतं, "आधी कान, मग पाय."

आम्ही पोचलो तेव्हा ती वाजत होती. बारीक, घाईघाईने. एक बाई लेकराला पोटाशी धरून पायथ्याशीच थांबली होती.

बाबा थांबले. मान तिरकी करून, दर वर्षीसारखे नीट ऐकू लागले.

"गप्प आहे," ते म्हणाले. "चल."

"बाबा, थांबा!"

ते चढायला लागलेसुद्धा. वारा माझ्या तोंडातला शब्द मागे फेकत होता. मी धावले. मधोमध, सगळ्यात उंच जागी, त्यांचं जाकीट फुग्यासारखं फुगलं. डोक्यावरची टोपी उडाली आणि गिरक्या घेत नदीकडे गेली. ती धरायला ते वळले, त्यांचा गुडघा कठड्याला टेकला, आणि मी मागून त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला. तिथेच आम्ही दोघं खाली बसलो. मग बसल्या बसल्याच, पायरी पायरी सरकत, उतरलो.

बाबा काठावरच्या गोट्यांवरून चालत कमानीखाली गेले आणि वर बघू लागले. घंटा पिसाटल्यासारखी हलत होती. ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले, कुणी काचेपलीकडून बोलतंय आणि आपल्याला कळत नाही, तसे.

"केव्हापासून वाजतेय?"

मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील अशी उभी राहिले. "आपण आलो तेव्हापासून."

त्यांनी मान डोलावली. खिशातून रुमाल काढला, डोळे नाही, चष्मा पुसला.

"थानासिसला मीच सांगेन, हायदो पोरी. तू मध्ये पडू नकोस."

"बरं."

"आणि उद्याचे पूल राहू दे. बाळ वाट बघत असेल."

त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. अठराव्या वर्षी याच मोटरसायकलवर त्यांनी मला शिकवलं होतं. मागे बसताना मात्र ते अडखळले. पाय कुठे ठेवायचे ते मला दाखवावं लागलं.

रस्ता त्यांना पाठ होता. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी माझ्या खांद्यावर त्यांचं बोट टेकायचं : हॉर्न. मी वाजवायचे. आरशात पाहिलं, तर ते माझ्या खांद्यावरून वाकून हॉर्नच्या बटणावरच्या माझ्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा दाबला गेला, की मगच बोट उचलायचे.