फाटकापलीकडची शाळा

मार्च-एप्रिलचे दोन महिने महामायाने शाळा पाहण्यात घातले. लग्नसराईची ब्लाउजं शिलाई मशीनवर तशीच पडून राहिली आणि ती नांदुऱ्यातल्या तीन सरकारी शाळांचे संडास तपासत फिरली. शेजारणी हसल्या. हसू द्या. चौथी पास झालेली मयुरी पाचवीत कुठं घालायची, ही चिंता त्यांना थोडीच होती! पोरगी गणितात तल्लख, आईने ब्लाउजचं माप बोलावं आणि तिने कापड किती लागेल ते सांगून मोकळं व्हावं. अशी पोर वाया घालवायची नाही, एवढं महामायाने ठरवलं होतं.

टाकीजवळच्या शाळेची इमारत नवीकोरी, पण गणिताला मास्तरच नाही. बाजारातल्या शाळेत नारायणराव गुरुजी एकटे तीन वर्ग सांभाळत, आणि मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी. रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत मात्र कडी होती, नळाला पाणी होतं आणि डिंपल मॅडम होत्या. मुलाचं गणित चुकलं, तर त्या आधी विचारायच्या, "असं काऊन केलं, सांग बरं?" महामाया खिडकीशी उभी राहून तासभर ऐकत राहिली आणि तिथंच तिचा निर्णय झाला.

जूनमध्ये ती मयुरीला घेऊन फाटकापलीकडे गेली. डिंपल मॅडमनी संगणकात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, हिचं नाव तं कालच बाजारच्या शाळेत चढलं. त्यायनं सोडल्याबिगर मले घेता येत नाही."

महामायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच घरी आली. नवरा, धम्मरत्न, ओट्यावर पाण्याची मोटार खोलून बसला होता.

"मयुरीचा दाखला कोठी हाय?"

"गुरुजी आले होते," तो मोटारीकडे बघतच म्हणाला. "नारायणराव गुरुजी. च्या घेतला बिचाऱ्यायनं."

"अन् तुमी दाखला देल्ला?"

"आधार कार्ड बी देल्लं. अवं, मले शिकवलं त्यायनं. नाई कसं म्हणू?"

आता काय बोलावं या माणसाला! दर जूनला मास्तर लोक दारोदार पोरं मागत फिरतात, हे गावात कोणाला ठाऊक नाही? पट कमी पडला की मास्तर जादा ठरतो आणि त्याला दुसरीकडे पाठवतात. पुढारी निदान पाच वर्षांनी दारात येतात, हे दरवर्षी. बाकीचे बाप चहा पाजतात आणि 'पाहू' म्हणून वाटेला लावतात. याने दोन महिन्यांची मेहनत एका चहाबरोबर देऊन टाकली होती. मोटारीसकट याला विहिरीत ढकलावं, असं तिला मनापासून वाटलं.

ती बाजारातल्या शाळेत पोचली तेव्हा गुरुजी एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्या वर्गाची हजेरी घेत होते.

"गुरुजी, मयुरीचं नाव सोडा."

"बाई, असं नका करू." गुरुजी खुर्चीतून उठलेच. "तिले धरून वीस पोरं होतात. एक गेलं तं मले उचलून कोठी फेकतील, नेम नाही. नोकरीची दोन वर्सं राह्यली माही."

त्यांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती, हे तिच्या शिंपी नजरेला दिसलं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून अजूनच राग आला.

"तुमची नात बी यंदा पाचवीत गेली ना? तिचं नाव कोठी हाय?"

गुरुजींनी हजेरीचा कागद उगाच सरळ केला. "फाटकापल्याड."

"काऊन?"

"इथं मी एकटा. तीन वर्ग, खिचडी, वरून ते ऑनलाइनचे फॉर्म. दिवसातून अर्धा घंटा शिकवणं होते, बाई. आपल्याच नातीले कसं फसवू?"

"अन् मयुरीले फसवलं तं चालते?"

गुरुजींनी मोबाइल काढला, चष्मा पुसला आणि दहा मिनिटं बोटं अडखळत मयुरीचं नाव सोडलं. कपाटातून दाखला काढून तिच्या हातात दिला.

ती दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला. "धम्मरत्नले रागावू नका, बाई. त्याची चूक नाही. मास्तरले कधी नाही म्हणायचं नाही, हे म्यानंच त्याले छडी मारमारून शिकवलं."

महामाया वळली. "म्हणून तं पोरीले नेऊन राह्यली, गुरुजी."