दुसरी चूल

केनवडच्या बापूरावांचा दोनच गोष्टींवर विश्वास होता: एक कुलूप, आणि दुसरी त्याची आपल्या कमरेला असलेली किल्ली. त्यामुळे धाकटा भाऊ इंद्रभान भरदुपारी फीत लावून ओसरी मोजताना दिसला, तेव्हा त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं राहिलं. गावात घर मोजलं जाई ते वाटणीसाठीच. त्यात मागच्या आठवड्यात इंद्रभानचे सासरे इंझोरीहून येऊन, काही कारण नसताना, घर ऐसपैस आहे असं म्हणून गेले होते.

"काय मोजून राह्यला रे?"

"घर, दादा. मुंबईच्या मास्तरले नकाशा पाठवाचा हाय."

"त्याले आपलं घर कायले लागते?"

इंद्रभाननं समजावलं. कारंज्यात जिनिंगच्या नव्या इमारती उठत होत्या. गवंडी-मजुरांकडून काम करवून घेणारा, चुना-विटांचा नि दिवसांचा मेळ बसवणारा शिकलेला माणूस मालकाला हवा होता. ते शिक्षण मुंबईची एक शाळा टपालानं देई. धडा येई, उत्तर जाई, तांबड्या शाईनं तपासून परत येई. शेवटच्या धड्यात राहत्या घराचा नकाशा मागितला होता.

बापूरावांनी सगळं ऐकलं आणि त्यातलं काही मानलं नाही. मास्तर दिसत नाही, छडी नाही, ही कसली शाळा? त्यांनी बायकोला, गिरजाबाईंना, जावेच्या पेटीवर नजर ठेवायला सांगितलं. पेटीत लुगडी आहेत, वाटणी नाही, असं सांगून त्या भाकरी थापायला बसल्या. मग फितीचं दुसरं टोक बापूरावांनीच धरलं. लक्ष मात्र आकड्यांपेक्षा भावाच्या चेहऱ्यावर.

नकाशा झाला. त्यांनी बोट फिरवत तपासला. देवघर एक, कोठी एक. स्वयंपाकघरात चूल एक. आणि मागं, इंद्रभानच्या खोलीला लागून, आणखी एक.

"हे कोनाची?"

"न्हानीतली, दादा. पानी तापवाची."

"आज पानी तापते, उद्या भाकर भाजते. पुसून टाक."

"मार्क कटतीन."

"कटू दे."

इंद्रभाननं मुकाट्यानं चूल पुसली.

निकाल आला. इंद्रभान पास होता. न्हाणीत पाणी तापवायची सोय नाही म्हणून तेवढे गुण कापले होते. बापूरावांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि दोन्ही वेळा खूश झाले. मास्तर खरा निघाला, म्हणजे नोकरीही खरी, एवढं त्यांच्या ध्यानात आलं ते इंद्रभानची गाडी कारंज्यासाठी जुंपल्यावर. बायको सोबत निघाली होती.

"तिथं जेवसान कुठं?"

इंद्रभान बैलांकडे पाहत म्हणाला, "खोली भेटली हाय, दादा. चूल मांडाच लागन."

बापूरावांनी कमरेची किल्ली काढून कोठी उघडली आणि ज्वारीचं पोतं स्वतः गाडीत टाकलं.

"दर बजाराले इथूनच नेजो. तिथली जवारी घेतली, तं वाटनी झाली समजीन."